पडशी आणि पल्ला

सायकलला सामान बांधून, कुणाची कुमक न घेता हजारो किलोमीटरची शर्यत करायची, हे युरोप-अमेरिकेतून आलेले खूळ आहे असे आपल्याकडे सहज बोलले जाते. नाव तिकडचे आहे, यात वाद नाही. पण या शर्यतींचा मूळ नियम नीट वाचला, तर शिर्डीजवळच्या राहात्यासारख्या सडकेवर वाढलेल्या गावाला तो परका वाटू नये. नियम असा: स्वाराने आपले ओझे आपणच वाहायचे. वाटेत कोणत्याही प्रवाशाला जे मिळू शकते, मग ते विकतचे असो की फुकटचे, ते खुशाल घ्यायचे. मात्र खास आपल्यासाठी आधीपासून करून ठेवलेली सोय, मागून येणारी गाडी, ओळखीच्या घरात अंथरलेली पथारी, यातले काही चालायचे नाही. इथे एकट्याने हालअपेष्टा सोसण्याची सक्ती नसून सगळ्यांना वाट सारखी असावी एवढीच अट आहे. तेव्हा अशी शर्यत स्वाराची परीक्षा घेते तितकीच वाटेचीही घेते, आणि तिचा इतिहास स्वारांच्या विक्रमांतून शोधण्यापेक्षा वाटांच्या इतिहासातून शोधावा, असे मला वाटते.

नियमाचे हे रूप मात्र पहिल्यापासूनचे नाही. १९१३च्या तूर द फ्रान्समध्ये युजेन क्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलचा पुढचा चिमटा तूरमाले घाट उतरताना मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर खाली चालत आला आणि एका खेड्यातल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. तरी त्याला दंडाचा वेळ लागला, कारण भाता मारायला एका पोराने हात लावला होता. त्या काळी स्वावलंबन म्हणजे जवळजवळ सोवळे होते. आजच्या नियमाने क्रिस्तोफ निर्दोष सुटला असता, कारण लोहार गावात बसलेला, त्याचे दार सगळ्यांना उघडे. कॅनडापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंतची ‘टूर डिव्हाइड’ २००८ पासून आणि युरोपभर पसरलेली ‘ट्रान्सकॉन्टिनेंटल’ २०१३ पासून होते, ती याच मोकळ्या अर्थाने. शंभर वर्षांत नियम सोवळ्याकडून समतेकडे सरकला, आणि या सरकण्यातच आपल्या वाटांशी त्याचे नाते जुळते.

आता राहात्याकडे पाहू. १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला. तो बेलापूर, चितळी, पुणतांबे करत कोपरगावकडे गेला आणि राहाता बाजूला राहिले. लांबचा माल रेल्वेने उचलला. त्याआधी दख्खनभर तो बैलांच्या पाठीवर फिरे. हजारो बैलांच्या लमाण तांड्यांचे वर्णन सतराव्या शतकात ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशाने करून ठेवले आहे. घर, चूल, माल, सारे पाठीवर आणि मुक्काम पाण्याच्या कडेला. रेल्वेने तांडे संपवले, पण जवळचा पल्ला सडकेकडेच राहिला. मुंबईचा साईभक्त रेल्वेने कोपरगावला उतरून पुढे टांग्याने शिर्डीला येई, आणि ज्याला टांगा परवडत नसे तो पायी. खुद्द साईबाबांचे फिरणे राहाता आणि निमगाव एवढ्याच टापूत होते. राहात्याहून झेंडू, जाई, जुईची रोपे आणून त्यांनी शिर्डीत बाग लावली, असे ‘साईसच्चरिता’त सांगितले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दारणा धरण आणि गोदावरीचे कालवे झाले. उजव्या कालव्याच्या पाण्याने हा भाग भिजला आणि पेरूच्या बागा उभ्या राहिल्या. इकडे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. ऊस आणि भाविक, दोघांची वर्दळ याच सडकांवर आली. चहाची टपरी, पंक्चरचे दुकान, पेरूची पाटी, एसटी स्टँडची पाणपोई या सोयी कोणत्याही योजनेतून आल्या नाहीत. वाटसरू येत गेले तशा त्या बसत गेल्या. स्वावलंबी शर्यतीचा स्वार ज्याच्या जिवावर पल्ला मारतो ते नेमके हेच.

इथे आक्षेप येईल की पदयात्रा आणि स्वावलंबी प्रवास यांची सांगड घालता येत नाही. मुंबईहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत शिर्डीला येणाऱ्या पालख्यांबरोबर टेम्पो असतो, आचारी असतो, रात्रीच्या मुक्कामाची जागा आधी ठरलेली असते. आक्षेप बरोबर आहे. पालखी हा कुमक घेऊन चालणारा प्रवास आहे, त्याला दुसरे नाव देऊ नये. पण त्याच वाटेवर कुणी शेतकरी मंडप घालून येईल त्याला पिठलं-भाकरी वाढतो तेव्हा गोष्ट बदलते. ते पान कुणाच्या नावावर राखलेले नसते. शर्यतीच्या काटेकोर नियमातही ते बसते, कारण पहिल्या स्वाराला मिळते ते शेवटच्यालाही मिळते. पालखीचा टेम्पो बाद आणि मंडप चालेल, हा भेद शब्दच्छल नाही, सगळा नियम त्यावरच उभा आहे.

दुसरा आक्षेप असा की बैलांचे तांडे आणि यात्रेकरू ठीक, पण सायकलवरून असे कोण गेले? १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले अदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८च्या मार्चमध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर करून परतले. ती शर्यत नव्हती, घड्याळ कुणी लावले नव्हते. पण मागे गाडी नाही आणि ओझे सायकलवर, ही मांडणी तीच. अलीकडची दोन उदाहरणे शेजारी ठेवली की फरक स्वच्छ दिसतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेची आडवी शर्यत ‘रॅम’ दोघांच्या संघात पूर्ण केली. ती थोर कामगिरी आहे, पण तिथे गाडी आणि मदतनीसांचे पथक नियमानेच बरोबर असते. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवत जगाला फेरी घालून आली, ती बहुतेक वाट एकटीने. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटले गेले. तिच्या वाट्याला जे बरेवाईट आले ते वाटेनेच दिले.

या वाईटाचे काय, हा तिसरा प्रश्न सगळ्यांत खरा आहे. ट्रान्सकॉन्टिनेंटलचा संस्थापक माइक हॉल हा अशा शर्यतीतला नावाजलेला स्वार. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीत तो मोटारीच्या धडकेने मेला. रात्रीचा रस्ता, थकलेला स्वार आणि मागून येणारे वाहन, या तिघांपुढे कोणताही नियम हतबल आहे. राहात्यावरून जाणारा नगर–मनमाड महामार्ग वापरणाऱ्या कुणालाही खड्डे आणि अवजड वाहनांची रांग नव्याने सांगायची गरज नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच याची खात्री नसते. म्हणून स्वावलंबी शर्यत या महामार्गावर घ्यावी असे मी म्हणणार नाही. बाभळेश्वर, लोणी, पुणतांबे यांना जोडणारे आतले रस्ते त्यासाठी बरे. पण एवढ्यावरून हा प्रकार आपल्या वाटांना झेपणारा नाही असे ठरवणे म्हणजे वाटेचा दोष स्वाराच्या माथी मारणे. चहा, पाणी, भाकरी आणि पंक्चर या चारही बाबतींत ही वाट युरोपातल्या कित्येक वाटांपेक्षा श्रीमंत आहे. रात्री दोन वाजता फ्रान्सच्या खेड्यात स्वाराला पाव मिळणे मुश्कील, इथे हमरस्त्यावर चहा तरी मिळेल. कमी आहे ती हातभर रुंद कडेची, जिथे सायकलवाल्याने जीव मुठीत न धरता चालावे.

ती कड शर्यतवाल्यांपेक्षा आधी कामावर जाणाऱ्या मजुराला, दुधाचे कॅन अडकवून निघालेल्या गवळ्याला आणि शाळेच्या पोरींना हवी आहे. राहाता ते शिर्डी हे अंतर जेमतेम पाच किलोमीटर आहे. राहातेकरांनी सुरुवात म्हणून तेवढ्या पट्ट्यात तरी सायकलसाठी कडेची जागा मागावी.