उसन्या पात्रांची कोल्हापुरी परंपरा

दुसऱ्याच्या कथेतली माणसे उचलायची आणि त्यांच्यावर आपली कथा रचायची, या प्रकाराला आजचे तरुण वाचक फॅन फिक्शन म्हणतात. कोल्हापूर परिसरात हा उद्योग तमाशाच्या फडापासून ज्ञानपीठ पुरस्कारापर्यंत सगळ्या पायऱ्यांवर झालेला आहे, आणि त्यातले फायदे-तोटेही इथे पुरेपूर दिसून आलेले आहेत.

यातली सर्वांत जुनी पायरी तमाशातली गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या ही मंडळी प्रेक्षकांच्या ओळखीची. त्यांच्या जोडीला येणारी मावशी मात्र कोणत्याही पुराणात सापडत नाही. पुरुषाने लुगडे नेसून उभी केलेली ही फटकळ बाई तमासगिरांची स्वतःची निर्मिती आहे. कृष्ण कोण, गवळणी कोण, हे सांगण्यात वेळ जात नसल्यामुळे फड थेट थट्टामस्करीवर येऊ शकतो आणि मावशीच्या तोंडून गावच्या पाटलापासून सावकारापर्यंत सगळ्यांना चिमटे काढता येतात. उसन्या पात्राचा पहिला लाभ हाच: प्रेक्षक निम्मी कथा घरूनच घेऊन येतो.

संगीत नाटकाने हाच लाभ वेगळ्या रीतीने उचलला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. शेवटी सुभद्रा अर्जुनालाच मिळणार, हे पिटातल्या शेवटच्या माणसालाही ठाऊक होते. म्हणजे ‘पुढे काय?’ ही उत्सुकता संपलेलीच. किर्लोस्करांनी ती ‘कसे?’ या प्रश्नाकडे वळवली आणि द्वारकेच्या राजवाड्यात एकोणिसाव्या शतकातले मराठी घर आणून बसवले. त्यातला कृष्ण गीता सांगणारा नाही. तो मोठ्या भावाला न दुखवता बहिणीचे लग्न हव्या त्या ठिकाणी जमवणारा, हसतमुख आणि पक्का व्यवहारी गृहस्थ आहे.

अशा नाटकांना कोल्हापुरात पक्के घर मिळाले ते मंगळवार पेठेत. खासबाग मैदानाला लागून शाहू महाराजांनी बांधवलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये उभे राहिले. एका बाजूला कुस्तीचे मैदान आणि भिंतीपलीकडे नाटक, असा शेजार कोल्हापुरालाच शोभावा. पुढे या वास्तूला ‘ललितकलादर्श’चे संस्थापक, संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत ती होरपळली.

केशवरावांच्या नाटकांचे पडदे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी रंगवले होते. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी चित्रपटाचा ध्यास पुढे नेला. तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा पहिला मूकपट आणला. त्याचा आधार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’. १९०७ सालच्या या नाटकात विराटाच्या दरबारातली द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांनी न सांगता ओळखले. सरकारनेही ओळखले, १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

लेखकाला जे उघड बोलता येत नाही ते पुराणातल्या पात्राच्या तोंडी घालता येते, हा उसनवारीचा दुसरा मोठा लाभ. त्याची किंमतही असते. पात्र एकदा समकालीन माणसाचा मुखवटा झाले की त्याचे स्वतःचे आयुष्य आटू लागते. ‘कीचकवध’ आज द्रौपदीच्या दुःखासाठी वाचले जाण्याऐवजी कर्झनच्या संदर्भासाठीच अधिक आठवले जाते. खाडिलकरांच्या ताकदीच्या नाटककारालाही ही किंमत चुकली नाही.

मूकपटाला तर ओळखीची पात्रे हवीच होती. संवाद नाहीत, आणि प्रेक्षक नाना भाषांचे. अशा वेळी मोरपीस दिसले की कृष्ण आणि गदा दिसली की भीम, एवढ्यावर काम भागे. पण याच कंपनीने १९२१ मध्ये काढलेला ‘सुरेखाहरण’ पाहिला तर उसनवारी किती मोकळी असू शकते ते कळते. बलरामाची मुलगी कौरवांकडे द्यायचे ठरते, तिचे मन अभिमन्यूवर असते आणि घटोत्कच मायेने तिचे रूप घेऊन सगळ्यांना फजीत करतो, अशी ही कथा. व्यासांच्या महाभारतात ही मुलगी नाही. कुठे वत्सला, कुठे शशिरेखा, कुठे सुरेखा अशी नावे घेत ती लोककथेतून आली आणि नाटक-सिनेमातून इतकी रुळली की तिला महाभारताबाहेरची म्हटले तर ऐकणाराच बुचकळ्यात पडतो. व्ही. शांताराम पडद्यावर प्रथम दिसले ते याच चित्रपटात, कृष्णाच्या वेशात. त्यांनी सहकाऱ्यांसह १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापली. तिचा पहिला बोलपट, १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, हाही हरिश्चंद्राच्या जुन्याच कथेवर उभा होता.

बोलपटाबरोबर ही लाट ओसरायला हवी होती, झाले उलटेच. ती कादंबरीत शिरली. कोल्हापुरात स्थायिक झालेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ मध्ये आली. मूळचे आजऱ्याचे आणि कोल्हापुरात शिक्षक असलेले शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची, तर कोवाडच्या रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ ची. एका जिल्ह्यातल्या तीन लेखकांनी पंधरा वर्षांत महाभारताच्या कोपऱ्यातली माणसे मधोमध आणली, आणि तिन्ही पुस्तके घरोघरी गेली.

खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना स्वतःच्या तोंडाने बोलायला लावले. सावंतांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या निवेदनांतून कथा फिरवली. मूळ ग्रंथात ज्याच्या मनात काय चालले आहे ते सांगितलेले नाही, त्याच्या मनात शिरण्याची मुभा हे उसन्या पात्राचे सर्वांत मोठे आकर्षण. महाभारत घटना भराभर सांगत जाते आणि माणसांना पुष्कळदा गप्प ठेवते. कादंबरीकाराची खरी जागा त्या गप्पपणात आहे.

धोकाही तिथेच आहे. लेखक एखाद्या पात्राच्या प्रेमात पडला की त्याचा वकील होतो. कर्णाच्या बाबतीत हे मराठीत फार झाले. त्याच्यावरचा अन्याय ठळक करताना भरसभेत त्याने द्रौपदीला काढलेले अपशब्द एक तर सौम्य होतात, नाही तर त्यांना कारण जोडले जाते. स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्राला वरणार नाही असे बजावले, हा कर्णाच्या चाहत्यांचा आवडता प्रसंग पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मूळ पाठात घेतलेला नाही. ही आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके आली. एकाने कर्णाला सूर्यपुत्राचे तेज दिले, दुसऱ्याने त्याला मूळ ग्रंथाच्या कोरड्या उजेडात पाहिले. मराठी वाचकाच्या मनातला कर्ण मात्र सावंतांचाच राहिला. कादंबरीचे हे यश निर्विवाद आहे. पण ‘महाभारतात असे आहे’ म्हणून कादंबरीतला प्रसंग सांगणारे लोक भेटतात, तेव्हा त्या यशाची दुसरी बाजू दिसते.

पुराणातल्या पात्राबाबत हा घोटाळा फारसा कोणाला बोचत नाही. इतिहासातल्या माणसाबाबत बोचतो. भालजी पेंढारकरांच्या १९४१ च्या ‘थोरातांची कमळा’ या चित्रपटाने संभाजीराजांच्या प्रेमाची कथा घराघरांत पोचवली. अशा कथांना खतपाणी मिळाले होते ते राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीसारख्या साधनांतून. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये संभाजीचरित्र प्रसिद्ध केले आणि नंतर डॉ. कमल गोखले यांनीही अस्सल कागदपत्रांवरून राजांची नाटकी प्रतिमा खोडून काढली. चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो. त्याने करून दिलेला समज पुसायला संशोधकांची आयुष्ये खर्ची पडतात, हे या व्यवहारातले सर्वांत मोठे नुकसान म्हणावे लागेल.

मालकीचा प्रश्न तुलनेने अलीकडचा. स्पेनमध्ये १६१४ साली सेर्वांतेसच्या डॉन किहोतेचा दुसरा भाग भलत्यानेच टोपणनावाने छापला. चिडलेल्या सेर्वांतेसने पुढच्या वर्षी स्वतःचा दुसरा भाग काढला आणि त्यात नायकाचा मृत्यूही लिहून टाकला, म्हणजे पुन्हा कोणी त्याला उचलायला नको. व्यासांच्या पात्रांवर असा हक्क सांगणारे कोणी नाही. मात्र त्या पात्रांवर रचलेल्या नव्या पुस्तकाला हक्क लागू होतो. भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे हा हक्क आज लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो.

आपला ययाति महाभारतातल्या ययातीहून वेगळा आहे, हे खांडेकरांनी स्वतःच कादंबरीच्या विवेचनात सांगितले आहे. उसने घेतल्याची अशी उघड नोंद फार थोड्या लेखकांनी ठेवली. खांडेकरांचे निधन १९७६ मध्ये झाले, म्हणून ‘ययाति’वरचा हक्क २०३६ च्या अखेरीस संपेल. महाभारतातला ययाति आजही कोणीही घ्यावा. खांडेकरांनी निर्माण केलेली अलका जशीच्या तशी घ्यायची असेल, तर तोवर परवानगी मागणे बरे.