सालाखालची चांदणी

हलवायाला जिलबीचं जेवढं कौतुक, तेवढंच बँकेतल्या कारकुनाला पैशाचं. मला मात्र चाराण्याखालच्या चिल्लर मंडळींचा लोभ जडला, त्याला कारण २०११ साल. ३० जूनपासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. आदल्या दिवसापर्यंत लोक डबे, गाडगी, चंच्या घेऊन काउंटरवर ओतत होते. मी मोजायला बसलो आणि मोजता मोजता वाचायलाच लागलो.

नाण्यावर वाचायचं ते साल, आणि सालाखालची खूण. शंकरपाळ्यासारखी खूण असली की नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असली की हैदराबादचं, गोल ठिपका नोएडाचा. आणि कलकत्त्याची खूण? काहीच नाही! बड्या घरचे लोक दारावर पाटी लावत नाहीत, त्यातला प्रकार. घोटाळा पुढेच आहे. हैदराबादची चांदणी झिजली की नोएडाला जाते, आणि मुंबईचं शंकरपाळं पार झिजलं की कलकत्त्याला. बदलीसाठी आम्हाला किती अर्ज करावे लागतात! म्हणून झिजक्या नाण्यावर जाणकार माणूस पैज लावत नाही.

आमचा पैसा मुळात चौसष्टांतला एक. १ एप्रिल १९५७ ला तो शंभरांतला एक झाला. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैसा आणायचा कुठून? म्हणून एका आण्याचे सहा, दोनाचे बारा, तीनाचे एकदम एकोणीस आणि चारांचे पंचवीस. मी बी.कॉम. आहे, तरी हा हिशेब बोटांवरच करतो. लोकांचा विश्वास बसावा म्हणून बिचाऱ्या नव्या पैशावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असं छापावं लागलं. १९६२ सालचा नवा पैसा दोन धातूंत सापडतो, एक तांबूस काशाचा, दुसरा पिवळसर निकेल-पितळेचा. १९६४ मध्ये त्याचं नवेपण सरकारी हुकमानं संपलं. (नवरदेवांचं याहून लवकर संपतं.) मग षट्कोनी तीन पैसे आले आणि हळूहळू सगळी चिल्लर अ‍ॅल्युमिनियमची झाली. चुंबक जवळ ठेवावा. जुनी शुद्ध निकेलची पावली त्याला धावत जाऊन चिकटते, अ‍ॅल्युमिनियम ढिम्म हलत नाही.

पण सगळ्यांत गमतीचा १९११ चा पाव आणा. पंचम जॉर्जच्या झग्यावर साखळीत एक हत्ती आहे. कोरणाऱ्यानं त्याची सोंड अशी आखूड केली की लोकांना ते डुक्कर वाटलं. त्याच छापाच्या रुपयावरून एवढी ओरड झाली की रुपये परत घ्यावे लागले, आणि १९१२ पासून हत्तीला सोंड मिळाली.

गेल्या पावसाळ्यात रेल्वेतून रिटायर झालेले एक काका डबा घेऊन आले.

“भाऊ, या दहा पैशावर चांदणी हाय ना? फोनवाला पाच लाख देतो म्हन्ते. फकत रजिस्ट्रेशनचे अडीच हजार आधी धाडा म्हन्ते. रिझर्व्ह बँकेचाच मानूस हाय.”

“काका, चांदणी आहे. पण अशा चांदण्या २०११ ला मी पोत्यानं मोजल्या.” रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच सांगून टाकलंय की आम्ही असल्या व्यवहारात नाही, फी घेत नाही, कोणाला नेमलेलंही नाही. ते मी वाचून दाखवलं. काकांनी खिशातली पेन्शनची घडी चाचपली आणि डबा टेबलावर पालथा केला.

तळाशी एक काळा काशाचा पाव आणा निघाला. साल १९११.

“डुक्कर? राजाच्या आंगावर? काहून बाप्पा?” काका भिंग सोडेनात. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. डोळा भिंगावरच ठेवून ते म्हणाले, “थांब न रे बापू, आमी सध्या हत्ती पाहून रायलो.”