विश्रामबागवाडा : पाठशाळेची वास्तू आणि पालिकेची कचेरी

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि डहाणू, तलासरी येथील लोकांची जिल्हा कचेरीसाठी ठाण्यापर्यंतची खेप वाचली. नव्या जिल्ह्याचे मुख्यालय कोळगाव येथे मोकळ्या जागेवर सिडकोने उभारले. भर शहरात अशी जागा सहसा मिळत नाही. पुणे नगरपालिकेने तर आपली कचेरी एका जुन्या विद्यावास्तूत थाटली होती. ती वास्तू म्हणजे बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाडा.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे दोन लाख रुपये खर्चून हा वाडा निवासासाठी बांधला. सागवानी सुरूदार खांब आणि दर्शनी सज्जावरील कोरीवकाम ही त्याची ओळख होय. पेशवाई संपल्यावर १८२१ साली इंग्रज सरकारने येथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. त्यासाठी पेशव्यांच्या दक्षिणा निधीतील रक्कम वापरण्यात आली. याच पाठशाळेतून पुढे पूना कॉलेज व डेक्कन कॉलेज घडले. मे १८७९ मधील आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला. तो नंतर दुरुस्त करण्यात आला.

१९३० साली नगरपालिकेने वाडा विकत घेतला व १९५९ पर्यंत तिचा कारभार येथून चालला. या काळातच, १९५० साली, पालिकेची महानगरपालिका झाली.

वर्गखोलीत कचेरी आणणे वरवर सोपे वाटते. परंतु विद्यार्थी तास संपला की उठून जातात, दप्तर मात्र वर्षानुवर्षे वाढतच राहते. कागद दिसतो त्याहून फार जड असतो. लाकडी तुळयांवरील मजल्यावर फायलींची कपाटे ओळीने लावली की तुळया वाकू लागतात, म्हणून अभिलेख कक्ष तळमजल्यावरच हवा. विजेच्या तारा कोरीव लाकडात खिळे ठोकून नेणे हा तर आगीला आवतण देण्याचाच प्रकार. आडभिंती पुढे काढता येतील अशाच असाव्यात आणि स्वच्छतागृहे शक्यतो मूळ इमारतीबाहेर बांधावीत, कारण झिरपणारे पाणी व त्यामागून येणारी वाळवी लाकडाचा घास घेते. आपल्याकडील जुन्या कौलारू शाळागृहांत एखादे कार्यालय नेताना हीच तपासणी आधी करावी लागेल.

तरीही कचेरीने वाड्याचे नुकसानच केले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वापरात असल्यामुळे त्याची मालकी व देखभाल कोणाकडे, हा प्रश्न उरला नाही. मुख्य कचेरी शिवाजीनगरला गेल्यावरही वाडा महापालिकेकडेच राहिला, तळमजल्यावर टपाल कार्यालय दीर्घकाळ चालले आणि पुढे पालिकेनेच त्याच्या जतनाचे काम हाती घेतले.