श्येनाचें वय आणि त्याच्या शेपटीचीं पिसें

आमच्या संग्रहीं चित्रांचीं दोन सुटीं पानें आहेत. दोन्ही एकाच हातचीं, एकाच मापाचीं व सारख्याच हाशियाचीं आहेत. प्रत्येकावर अड्ड्यावर बसलेला एकेक शिकारी पक्षी काढलेला आहे. पहिला अंगानें पिंगट, छातीवर उभे तपकिरी ठिपके, डोळा पिवळा व शेपटीवर आरपार आडवे पट्टे असा आहे. दुसरा पाठीवर निळसर राखी, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा, डोळा लाल व शेपटीचीं मधलीं पिसें अगदीं कोरीं असा आहे. वीस वर्षांपूर्वीं हीं पानें आमच्या हातीं आलीं तेव्हां आम्हीं पहिल्याच्या पाठीवर ‘बेसरा’ व दुसऱ्याच्या पाठीवर ‘शिक्रा’ असा शेरा लिहून ठेविला. पुढें एका संग्राहक स्नेह्यांनीं त्या शेऱ्यावर विसंबून आपल्या जवळच्या तशाच एका पानाची नोंद ‘बेसरा’ या नांवानें केली. आमचा शेरा चुकीचा होता. आपली चूक दुसऱ्याच्या यादींत प्रमाण म्हणून शिरली म्हणजे ती उघडपणें दुरुस्त करणें हें संशोधकाचें कर्तव्यच ठरतें, सबब हा लेख.

श्येनपालनाचें वाङ्मय आपल्याकडे थोडें असलें तरी महत्त्वाचें आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासांत श्येनविनोद हें एक स्वतंत्र प्रकरण आहे. हा ग्रंथ श्रीगोंदेकर यांनीं संपादिला व तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंतून निघाला. दुसरा ग्रंथ कूर्माचलाचा, म्हणजे कुमाऊंचा, राजा रुद्रदेव याचा श्यैनिकशास्त्र. त्याचे सात परिच्छेद असून महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं इ. स. १९१० मध्यें तो इंग्रजी भाषांतरासह कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतर्फे छापविला. रुद्रदेवानें श्येनांचे मुख्य दोन वर्ग केले आहेत: कृष्णाक्ष व पाटलाक्ष. फारशी परंपरेंतील ‘सियाह-चश्म’ व ‘गुलाब-चश्म’ हे वर्ग तेच होत. बहिरी, शाहीन, लग्गड हे काळ्या डोळ्यांचे, तर बाज, बाशा, शिक्रा, बेसरा हे पिवळ्या वा तांबड्या डोळ्यांचे.

हा विभाग मार्मिक आहे व आजच्या पक्षिशास्त्रालाही तो बहुतांशीं मान्य होण्याजोगा आहे. परंतु डोळ्यावरून कूळ कळतें. वय कळण्यास तो एकटा पुरत नाहीं. कृष्णाक्षांचा डोळा जन्मभर काळाच राहतो. पाटलाक्षांत बाजाचा व शिक्र्याचा डोळा लहानपणीं फिका वा पिवळा असून वयाबरोबर नारिंगी व पुढें तांबडा होत जातो, पण हा पालट सावकाश होतो, आणि जुन्या चित्रांत तर डोळ्याचा रंग हाच आधीं उडतो किंवा काळवंडतो. म्हणून वय ठरविण्यास पिसाऱ्याकडे, व त्यांतही शेपटीकडे, वळावें लागतें.

अमरसिंहानें श्येनाला शशादन व पत्री असे पर्याय दिले आहेत. शशादन, म्हणजे ससे खाणारा, याच्याशीं आपल्या ‘ससाणा’ शब्दाचें नातें असावें असें आम्हांस वाटतें. पत्री म्हणजे पत्रें, अर्थात् पिसें, असलेला. संस्कृतांत पत्र म्हणजे पीसही व पानही. पोथ्या हाताळणाऱ्यांस हा श्लेष उपयोगी पडेल, कारण शेपटीची परीक्षा बरीचशी पोथीच्या परीक्षेसारखीच करावयाची असते.

श्येनाच्या शेपटींत बारा पिसें असतात, म्हणजे सहा जोड्या. घरट्यांत पिलाचीं हीं बाराही पिसें एकाच वेळीं वाढतात. अर्थात् पहिल्या वर्षाची शेपटी ही एका बैठकींत, एकाच शाईनें लिहिलेली पोथी होय. सर्व पिसें सारख्याच वयाचीं, सारखींच झिजलेलीं व सारख्याच छटेचीं दिसतात. मोठ्या पक्ष्याच्या मानानें तीं अरुंद व टोंकाशीं निमुळतीं असतात. बाजाच्या व बहिरीच्या पिलाची शेपटी तर प्रौढाच्या शेपटीहून लांबही असते. पुढच्या वर्षीं पिसें झडूं लागलीं कीं एकेक जुनें पान जाऊन नवें येतें. यालाच श्येनपालक कुरीज म्हणत, व कुरीज न झालेल्या कोवळ्या पक्ष्याला चूज. झड बहुधा मधल्या जोडीपासून सुरू होते व कांहीं महिने चालते. मध्यंतरीं शेपटींत जुनीं फिकीं, झिजलेलीं पिसें व नवीं गडद, रुंद पिसें एकत्र दिसतात. असा पक्षी दोन वर्षांच्या सांध्यावर आहे असें निःशंक समजावें.

याहून सूक्ष्म अशी एक खूण आहे. पीस वाढत असतां पक्ष्याची उपासमार झाली किंवा त्याला मोठा त्रास पोंचला तर त्या दिवसांत वाढलेला पिसाचा भाग कमजोर राहतो व तेथें एक बारीक आडवी रेघ उमटते. पुढें पीस बहुधा तेथेंच मोडतें. पिलाचीं सर्व पिसें एकदम वाढत असल्यामुळें ही भुकेची रेघ शेपटी पसरली असतां बाराही पिसांवरून एका ओळींत जाते. प्रौढाचीं पिसें निरनिराळ्या वेळीं उगवलेलीं असतात. त्याच्यावर अशा रेघा असल्या तरी त्या वेगवेगळ्या उंचीवर विखुरलेल्या असतात. पोथीच्या सर्व पानांवर एकाच ठिकाणीं पाण्याचा डाग आढळला तर ती भिजली तेव्हां सगळीं पानें एकत्र होतीं असें आपण अनुमान काढतों, तोच न्याय येथेंही लागू पडतो.

हें ज्ञान केवळ कुतूहलाचें नव्हतें. पक्षी विकत घेणाऱ्याला वय जाणणें अगत्याचें असे. घरट्यांतून काढलेलें पिलूं लवकर माणसाळतें, पण त्याला शिकार शिकवावी लागते. रानांत वाढून एक-दोन कुरीजा झालेला पक्षी शिकारींत तरबेज असतो, पण वश होण्यास कठीण. श्यैनिकशास्त्राच्या पांचव्या परिच्छेदांत उन्हाळ्यांतील निगा व पिसें झडण्याचा काळ यांचा विचार आला आहे तो याच गरजेपोटीं. मोडकें पीस कापून त्याच्या देठांत दुसरें पीस बसविण्याची युक्तिही श्येनपालकांस ठाऊक होती. अशी सांधलेली शेपटी म्हणजे दुसऱ्या प्रतींतील पानें घालून पुरी केलेली पोथी होय. एखाददुसरें पीस बाकीच्यांशीं पट्ट्यांनीं वा रुंदीनें जुळत नसेल तर ती झडीची खूण कीं सांध्याची, हें परीक्षकानें थांबून पाहिलें पाहिजे.

वयाचा भेद हा जातीचा भेद समजण्याची चूक आमच्यासारख्या पाठशाळेंतल्या माणसानेंच केली असें नाहीं. युरोपांत लिनियसनें इ. स. १७५८ च्या आपल्या ग्रंथांत सोनेरी गरुडाला एक नांव दिलें व ज्याच्या शेपटीच्या बुडाशीं पांढरा रंग व शेवटीं काळा पट्टा असतो अशा ‘वलयपुच्छ’ गरुडाला दुसरें. पुढें निश्चित झालें कीं वलयपुच्छ हें सोनेरी गरुडाचेंच तरुण रूप असून वर्षांगणिक झड होतां होतां तो पांढरा भाग लोपतो. समुद्रगरुडाच्या बाबतींत क्रम नेमका उलटा: पिलाची शेपटी काळपट व प्रौढाची शुभ्र. त्याच्याही तरुण पक्ष्याला दीर्घकाळ निराळी जात मानीत. भोवत्या नांवाच्या पक्ष्यांत राखी नर एका जातीचा व पिंगट, कडेदार शेपटीचा पक्षी दुसऱ्या जातीचा अशी इंग्लंडांत समजूत होती. जॉर्ज माँटेग्यू यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं घरट्यांतलीं पिलें पाळून, त्यांतला नर पिंगट रंग टाकून राखी होतो हें डोळ्यांनीं पाहिलें, तेव्हां कोठें हा वाद मिटला. एक नियम मात्र यावरून लक्षांत ठेवावा: शेपटीची एकच खूण सर्व श्येनांस लावतां येत नाहीं, प्रत्येक जातीचा क्रम स्वतंत्र पाहावा लागतो.

आतां आमच्या दोन पानांकडे वळूं. शिक्र्याच्या प्रौढ नराच्या शेपटीचीं मधलीं दोन पिसें कोरीं राखी असतात, पट्टे बाजूच्या पिसांवर असतात. त्याच्या पिलाच्या शेपटीवर मात्र मधल्या पिसांसकट सर्वत्र पट्टे असतात, अंग पिंगट असतें, छातीवर उभे ठिपके असतात व गळ्यावर मध्यभागीं एक काळसर रेघ असते. ही गळ्याची रेघ बेसऱ्यांत ठळक असते, व तिनेंच आम्हांस फसविलें. परंतु बेसऱ्याच्या शेपटीचे काळे पट्टे रुंद, जवळजवळ मधल्या फिक्या भागाइतके असतात. शिक्र्याच्या पिलाचे त्या मानानें अरुंद. आमच्या पहिल्या पानावरील पट्टे भिंगानें पाहतां अरुंद आहेत, व चित्रकारानें फिका भाग प्रत्येक ठिकाणीं अधिक रुंद सोडला आहे. तात्पर्य, बेसरा म्हणून आम्हीं नोंदलेला पक्षी हा शिक्र्याचें पिलूं असून, दोन पानें मिळून एकाच जातीचीं दोन वयें दाखवितात. चित्रकाराचा हेतूही तोच असावा, नाहींतर त्यानें दोन्ही पक्षी एकाच अड्ड्यावर, एकाच बाजूस तोंड करून कां काढावे?

चित्रांवर कितपत विश्वास ठेवावा असा आक्षेप कोणी घेईल. सर्वच चित्रकार निसर्ग पाहून काढीत नसत, हें खरें. तथापि पाहून काढणारेही होते. इ. स. १६१९ मध्यें इराणच्या शहा अब्बासाकडून आलेला शुंकार जातीचा ससाणा मांजरानें झडप घातल्यामुळें मेला, तेव्हां जहांगीर बादशहानें त्याच्या पंख-पाठीवरील काळ्या खुणांचें वर्णन आपल्या आत्मवृत्तांत लिहिलें व उस्ताद मन्सूर याजकडून त्याचें चित्र करवून घेतलें. ज्या परंपरेंत मेलेल्या पक्ष्याचें रूप जतन व्हावें म्हणून चित्र काढीत, तिच्यांतील शेपटीचे पट्टे केवळ शोभेचे समजून सोडून देणें बरें नव्हे.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, श्येनाचें चित्र हातीं येतांच त्यावर जातीचें नांव लिहूं नये. प्रथम पक्षी पाठीकडून दिसतो कीं पोटाकडून तें पाहावें. मिटलेली शेपटी वरून पाहिली असतां मधलीं दोन पिसें दिसतात व खालून पाहिली असतां कडेचीं दोन. शिक्र्यासारख्या पक्ष्यांत या एका गोष्टीनें पट्टे असणें-नसणें बदलतें. मग पट्ट्यांची संख्या, त्यांची रुंदी, पिसांचीं टोंकें, छातीवरील खुणा उभ्या कीं आडव्या, व शेवटीं डोळा, या क्रमानें टिपण करावें. मादी नराहून मोठी असते व तिचीं नांवेंही निराळीं (बाज मादी, जुर्रा नर, शिक्रा मादी, चिपक नर), हें दफ्तरांतील याद्या वाचतांना विसरूं नये. एका यादींत चार नांवें आलीं म्हणजे जाती चारच असतील असें नाहीं. त्या दोनही असूं शकतील.

इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें श्येन पकडणें व बाळगणें आपल्या देशांत बंद झालें, व तें योग्यच झालें. परंतु त्यामुळें पक्षी हातावर घेऊन त्याची शेपटी उलगडून पाहणाऱ्यांची पिढीही सरली. त्यांचें ज्ञान आतां पोथ्यांत, चित्रांत व शिक्र्यासारख्या गांवोगांवीं दिसणाऱ्या पक्ष्यांत विखुरलें आहे. या तिन्ही ठिकाणचें एकमेकांशीं ताडून पाहिल्याखेरीज यांपैकीं एकही नीट वाचतां येणार नाहीं.

असो. आमच्या पहिल्या पानाच्या पाठीवर आम्हीं आतां ‘शिक्रा, पहिल्या वर्षाचा’ असा नवा शेरा तारीख घालून लिहिला आहे. जुना शेरा खोडलेला नाहीं. पुढें हीं पानें ज्यांच्या हातीं जातील त्यांस दोन्ही दिसावे, अशी आमची इच्छा आहे. ज्या स्नेह्यांच्या यादींत आमची चूक उतरली त्यांस आम्हीं पत्रानें कळविलें आहेच. ती आणखी कोणाच्या यादींत गेली असल्यास हा लेखच त्याची दुरुस्ती समजावी.