ऑलिंपसचे देव आणि उंब्रजचा वर्ग

‘फादर, झ्यूस आला म्हणायचे, की झ्यूस आले?’

सातवीतल्या एका मुलीने हा प्रश्न आम्हांला विचारला, त्याला आता काही वर्षे लोटली. त्या काळी आम्ही कराडहून आठवड्यातून दोन दिवस उंब्रजला जात असू. तारळी नदी जिथे कृष्णेला मिळते तेथले हे गाव. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे, आणि तारळीच्या काठाने वर गेले की पालचा खंडोबा लागतो. तेथील एका शाळेने इतिहासाचे काही तास आमच्यावर सोपविले होते. वर्गात कॅथलिक मुले दोन-तीनच. बाकी सारी आसपासच्या शेतकऱ्यांची, धनगरांची, दुकानदारांची. प्राचीन ग्रीसचे प्रकरण आले तेव्हा आम्ही मनातून सुखावलो. सेमिनरीत असताना नव्या कराराच्या अभ्यासासाठी ग्रीक भाषेशी झटापट केली होती. त्या श्रमांचे चीज करण्याची संधी क्वचितच मिळते.

मुलीच्या प्रश्नाला आम्ही फारसा विचार न करता ‘आला म्हण’ असे उत्तर दिले आणि पुढे गेलो. तो प्रश्न तिथेच थांबून ऐकायला हवा होता, हे आम्हांला नंतर कळले.

मुलांना गोष्टी आवडाव्यात म्हणून आम्ही त्या रंगवून सांगितल्या. क्रोनस आपलीच पोरे गिळतो, झ्यूसच्या डोक्यातून अथेना चिलखतासह बाहेर पडते, लंगडा हेफेस्टस पेले भरत फिरतो तेव्हा सारे देव त्याला हसतात, आणि नवऱ्याच्या भानगडींनी चिडलेली हेरा दर वेळी भलत्यावरच सूड उगवते. वर्ग खदखदून हसला. आम्हीही हसलो. ‘असले देव, म्हणून तर कोणी त्यांना पुजत नाही आता,’ असे एक वाक्यही आम्ही शेवटी टाकले. खरे सांगायचे तर त्या दिवशी परत येताना आम्ही स्वतःवर खूश होतो.

पौषात पालची यात्रा भरते. खंडोबा आणि म्हाळसा यांचे लग्न लागते, भंडारा उधळला जातो, आणि आसपासची गावे पिवळी होतात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात दोन मुलांची जुंपली. त्यांतला एक आमच्याच धर्मग्रामातला. त्याने धनगराच्या मुलाला म्हटले होते, ‘तुमचा खंडोबा झ्यूससारखाच. दोन बायका, आणि त्यांची भांडणे. तोही संपणार.’ सदरा फाटला, नाकातून रक्त आले. मुख्याध्यापकांनी दोघांना उभे केले तेव्हा आमच्या मुलाने निरागसपणे सांगितले, ‘फादरांनीच शिकवले.’

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शब्द त्याचे होते, पण सूर आमचा होता.

त्या संध्याकाळी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. आजोबा अंगणात घोंगडी टाकून बसले होते. आम्ही क्षमा मागितली. त्यांनी आधी चहा सांगितला, मग म्हणाले, ‘फादर, बाणूचं न् म्हाळसाचं भांडण आमच्या जागरणात वाघ्या सांगतो, तवा बायाबापड्या हसून हसून लोळत्यात. हसण्याचं काय न्हाई. पर त्यो भंडारा लावून हसतो. तुमचं पोरगं तसंच हसलं.’

परतीच्या एस.टी.त हे वाक्य आमच्या मनात घोळत राहिले, आणि आम्हांला एकदम अथेन्स आठवले. इसवी सनापूर्वी 405 मध्ये ॲरिस्टोफेनिसचे ‘बेडूक’ हे नाटक तेथे झाले. त्यात डायोनायसस देव भित्रा, फुशारकी मारणारा, मार खाणारा असा दाखविला आहे. आणि हे नाटक झाले ते त्याच डायोनाससच्या उत्सवात. ग्रीक माणूस आपल्या देवाला हसत होता तो त्याच्या अंगणात बसून. म्हणजे आम्ही वर्गात मुलांना ग्रीकांचे हसणे दिले, त्यांचा उत्सव मात्र दिला नाही. अर्धेच शिकवले, आणि अर्धवट शिकवणे हे पुष्कळदा न शिकवण्याहून वाईट ठरते.

देवांच्या या गोष्टी मुलांना सांगाव्यात की नाही, हा वाद ख्रिस्ती लोकांनी सुरू केला अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. वाद ग्रीकांचाच. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात झेनोफनिसने होमर आणि हेसिअड यांना दोष दिला, की माणसांत जे जे लाजिरवाणे ते ते त्यांनी देवांना चिकटविले; बैलांना हात असते तर त्यांनी देवांची चित्रे बैलांसारखीच काढली असती, असेही तो म्हणे. प्लेटोने तर ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात सरळ मुलांचाच विचार केला आहे. कोवळ्या वयात ऐकलेले पुसले जात नाही, म्हणून क्रोनसने बापाशी आणि झ्यूसने क्रोनसशी जे केले ते लहानांच्या कानी पडू देऊ नये, असा त्याचा आग्रह. आमच्या गोष्टींची यादी आणि प्लेटोने वर्ज्य ठरविलेल्या गोष्टींची यादी जवळजवळ एकच निघावी, हा योगायोग आम्हांला फारसा सुखद वाटला नाही.

संत ऑगस्टीनने ‘कबुलीजबाबा’त आपल्या शाळेची अशीच तक्रार केली आहे. व्यभिचार करणारा जुपिटर मुलांना घोकायला लावतात, आणि मग मुलांनी देवाचेच अनुकरण केले तर दोष कोणाचा? ऑगस्टीन रागावून लिहितो. पण त्याची भाषा त्याच शाळेत घडली होती, हे विसरता येत नाही.

या प्रश्नाला खरी धार आली ती सन 362 मध्ये. ज्युलियन हा सम्राट ख्रिस्ती घरात वाढला, पुढे जुन्या देवांकडे वळला, आणि गादीवर आल्यावर त्याने शिक्षकांविषयी एक फर्मान काढले. त्याचा युक्तिवाद वरवर पाहता सरळ होता. जो होमरचे देव मानीत नाही त्याने होमर शिकविणे ही अप्रामाणिकता आहे. ख्रिस्ती शिक्षकांनी आपल्या चर्चमध्ये जाऊन मत्तय आणि लूक यांचे विवरण करावे. अथेन्समधील प्रोहेरेसियस या नामवंत ख्रिस्ती गुरूने तेव्हा अध्यापन सोडले. रोममध्ये व्हिक्टोरिनसने तेच केले. अपोलिनारिस नावाच्या पितापुत्रांनी बायबलच्या कथा होमरच्या वृत्तांत रचायला घेतल्या, म्हणजे ख्रिस्ती मुलांची शाळा बुडू नये. ज्युलियन पुढच्याच वर्षी इराणच्या मोहिमेत मारला गेला, आणि 364 मध्ये ते बंधन उठले.

ज्युलियनचे म्हणणे आम्ही तरुणपणी निव्वळ दुष्टपणा म्हणून वाचले होते. उंब्रजच्या प्रसंगानंतर त्यातला एक कण आम्हांला बोचू लागला. ज्याला आपण मानीत नाही त्याच्याविषयी आपण प्रामाणिकपणे शिकवू शकतो का? त्याला वाटत होते की नाही. आम्ही त्या दिवशी वर्गात त्याचेच म्हणणे खरे करून दाखविले होते.

त्याला उत्तर दिले ते संत बेसिलने. ज्युलियन आणि बेसिल हे दोघेही तरुणपणी अथेन्सला शिकले. सन 379 मध्ये निवर्तलेल्या या बिशपचा एक छोटा ग्रंथ आहे. ग्रीक साहित्याचा लाभ तरुणांनी कसा करून घ्यावा, हा त्याचा विषय. मधमाशी सगळ्याच फुलांवर बसत नाही आणि ज्यावर बसते तेही सारे उचलून नेत नाही, हा त्यातला दृष्टान्त आपल्या वाचकांनी प्रवचनांतून ऐकला असेल. पण आम्हांला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे, की बेसिल होमरकडे थट्टेने पाहत नाही. जहाज फुटून उघडावाघडा किनाऱ्याला लागलेला ओडिसियस राजकन्येसमोर उभा राहतो, आणि तरीही लज्जास्पद वाटत नाही. कारण त्याच्या अंगावर वस्त्राऐवजी सद्गुण आहे, असा अर्थ तो काढतो. ज्याचा देव आपला नाही त्याच्या कवितेतले चांगले शोधायला जी मेहनत लागते ती त्याने घेतली आहे.

आणि संत पौल? तो तर या देवांच्या ऐन गर्दीतून चालला. लुस्त्र येथे लोकांनी बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मीस समजून बैल व हार आणले, तेव्हा दोघांनी कपडे फाडून त्यांना थांबविले. इफिस येथे देमेत्रिय सोनाराने अर्तमी देवीच्या नावाने दंगल उठविली. हातांनी केलेले देव देवच नव्हेत हे पौल उघड सांगत होता, त्यात त्याने कोठेही पाणी घातले नाही. तरीसुद्धा प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19 यात नगराचा लेखक, जो ख्रिस्ती नव्हता, भर सभेत साक्ष देतो की ही माणसे देवळे लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत. हा उतारा आम्ही सेमिनरीत किती वेळा वाचला असेल! ही साक्ष विरोधकाच्या तोंडून आली आहे, इकडे आमचे लक्ष गेले नव्हते. उंब्रजचा लेखक आमच्याविषयी तशी साक्ष देऊ शकला नसता.

दुसऱ्या वर्षी तेच प्रकरण पुन्हा आले. या वेळी आम्ही आरंभ फिलेमॉन आणि बॉकिस या म्हाताऱ्या जोडप्यापासून केला. झ्यूस आणि हर्मीस गरीब वाटसरूंच्या वेषात फिरतात, हजार दारे बंद होतात, आणि या दोघांची गवताची झोपडी तेवढी उघडते. घरातला एकुलता एक पाळीव हंस पाहुण्यांसाठी मारायला ते धावतात आणि हंस काही हाती लागत नाही. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली ही गोष्ट आशिया मायनरमधल्या फ्रिजियातली, म्हणजे लुस्त्रपासून फार दूरची नाही. लुस्त्रच्या लोकांनी पौल-बर्णबाला देव का समजावे, याचा उलगडा तिने होतो. वर्ग हंसाला हसला. ते हसणे वेगळे होते.

मग आम्ही मुलांना कोल्हापूरला नेले. उंब्रजहून महामार्गाने नव्वदएक किलोमीटर. तेथील टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पोसायडनची एक छोटी ब्राँझ मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. 1944 ते 1946 या वर्षांत तेथे झालेल्या खोदकामांत सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली, आणि त्याच टेकडीत ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा मिळाला. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी केलेल्या उत्खननाचा अहवाल 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. साठ्यात पोसायडनबरोबर द्राक्षमद्याचे भांडे होते, आणि पर्सियस-अँड्रोमिडाचे उठावचित्र असलेली एक तबकडीही. पहिल्या शतकाच्या सुमारास रोमन व्यापाराची जहाजे चौल आणि कल्याणच्या बंदरांना लागत. तेथून माल सह्याद्रीचे घाट चढून वर येई. त्याच वाटांवर कार्ल्याचे लेणे आहे, आणि धेनुकाकट गावच्या यवनांनी तेथील चैत्यगृहातले खांब दान दिल्याचे लेख खांबांवरच कोरलेले आहेत. यवन म्हणजे मुळात आयोनियाचा ग्रीक. तो आपल्याकडे आला, बुद्धाच्या लेण्याला खांब देऊन गेला.

मूर्ती वीतभरही नाही. मुलांना मोठे काहीतरी अपेक्षित होते. धनगराच्या त्याच मुलाने काचेला नाक लावून विचारले, ‘फादर, हा समुद्राचा देव, मग इथे कशाला आला? इथे तर समुद्र नाही.’ पोसायडनचे शस्त्र त्रिशूळ, हे आम्ही सांगताच तो म्हणाला, ‘आमच्या देवाच्या हातातपण असतो.’ ज्याने वर्षापूर्वी त्याचा सदरा फाडला होता तो शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, म्हणजे तुमच्या गावाखालून वाहणारे पाणी पुढे या मूर्तीच्या नदीला भेटते, असे आम्ही दाखवून दिले. दोघांनाही ते मूर्तीपेक्षा जास्त आवडले.

परत येताना बसमध्ये आम्ही शब्दांचा खेळ घेतला. ‘केंद्र’ हा आपला रोजचा शब्द ग्रीक ‘केन्ट्रॉन’वरून आला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त ग्रहांची पर्यायी नावे दिली आहेत, त्यांत सूर्याला हेलि, मंगळाला आर, शुक्राला आस्फुजित्, शनीला कोण म्हटले आहे. हीलिऑस, एरीस, ॲफ्रोडायटी आणि क्रोनस. पोरे गिळणारा क्रोनस आपल्या ज्योतिषाच्या पोथीत शनी होऊन बसला आहे, हे ऐकून मागच्या बाकावर एकदम शांतता झाली. साडेसातीची थट्टा कोण करणार?

पहिल्या वर्षी प्रश्न विचारणारी मुलगी तोवर आठवीत गेली होती, पण सहलीला आली होती. आम्ही तिला म्हटले, ‘तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे.’ मराठीत देवाला एकेरी म्हणतात ते कधी जवळिकीने, कधी तुच्छतेने. विठोबा आला म्हणणारा वारकरी त्याला कमी लेखत नाही, आणि आपल्या बायबलातही येशू म्हणाला असेच कित्येक पिढ्या वाचले गेले. शब्द तोच असतो. आम्ही हे सारे नीट समजावून सांगू लागलो, तर ती मध्येच म्हणाली, ‘ते मला तेव्हाच कळले होते, फादर. तुम्ही कसे म्हणता ते बघायचे होते.’

तिची वही आम्ही पुढे एकदा तपासली. तिने झ्यूसला सगळीकडे ‘आले’ लिहिले होते. फक्त म्हाताऱ्या जोडप्याच्या झोपडीत शिरताना ‘आला’.