काडीकाडीने उभा राहिलेला पूल

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तिन्ही बाजूंना समुद्र, मधे डोंगराळ माळ आणि ओढ्याखाड्यांनी जागोजागी चिरलेली जमीन. आपल्या कोकणातल्या माणसाला परकं वाटू नये असं सगळं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला प्लिमथपासून या मुलखात रेल्वे न्यायचं ठरलं, तेव्हा दर दोन-चार मैलांवर एक दरी आडवी येत होती आणि कंपनीच्या तिजोरीत खडखडाट होता. दगडी पूल परवडणारे नव्हते. इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरनं मग लाकडाचा आसरा घेतला. प्लिमथ ते ट्रूरो चौतीस आणि पुढे फॅलमथपर्यंत आठ, असे ४२ लाकडी पूल त्या एका मार्गावर उभे राहिले. आपला बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, त्याच वर्षी फॅलमथचा फाटाही सुरू झाला. घाटातले मोठे पूल दगडाचे बांधले गेले, तिकडे मात्र आगगाडी लाकडावरून धावत होती.

या पुलांची रचना मोठी देखणी. खाली दगडी खांब, आणि खांबाच्या माथ्यावरून पंख्याच्या काड्यांसारखे फाकलेले तिरपे वासे. त्यांच्यावर आडव्या तुळया, तुळयांवर रूळ. बाल्टिक समुद्राकडून येणारं पिवळं पाइन वापरायचं, ते कुजू नये म्हणून औषधात मुरवायचं. ब्रुनेलची खरी हुशारी पुढे आहे. लाकूड आज ना उद्या खराब होणार, हे त्यानं आधीच गृहीत धरलं होतं. म्हणून कुठलाही एक वासा बाकीच्यांना धक्का न लावता काढता यावा आणि तिथं नवा बसवता यावा अशी जोडणी केली. कंबरेला दोर बांधून माणसं दरीवर लोंबकळत आणि हे काम करत. मासिकांत त्या पुलाची चित्रं पाहताना आपण कमानींच्या नजाकतीवर खूश होतो. दोराला लटकलेला तो माणूस सहसा चित्रात नसतो.

१८५९ मध्ये ट्रूरोपर्यंतची वाट खुली झाली. ब्रुनेल तेव्हा अंथरुणाला खिळला होता. उद्घाटनाला तो जाऊ शकला नाही. नंतर उघड्या वाघिणीत आडवा झोपवून त्याला सॉल्टॅशच्या नव्या लोखंडी पुलावरून नेलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात तो गेला. वय त्रेपन्न. माझ्या आगेमागेच म्हणायचं.

चांगलं पाइन पुढे मिळेनासं झालं, दुसरं लाकूड लवकर कुजू लागलं, गाड्या जड झाल्या. एकेक पूल दगडाचा किंवा लोखंडाचा होत गेला. कॉर्नवॉलमधला शेवटचा, कॉलेज वूडचा, १९३४ मध्ये बदलला. साऊथ वेल्समध्ये उरलेले शेवटचे दोन १९४७ मध्ये उतरवले. ब्रुनेलचा एकही लाकडी रेल्वेपूल आज उभा नाही.

पण एक आहे, आणि तो टेबलाच्या उंचीवर आहे!

ऑक्सफर्डशायरमध्ये लाँग विटनहॅम नावाच्या खेड्यात पेंडन म्युझियम आहे. ते सुरू केलं रॉय इंग्लंड या माणसानं. आडनाव इंग्लंड, पण जन्म १९०६ सालचा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. १९२५ मध्ये तो इंग्लंडला आला आणि व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स नावाच्या खोऱ्यातल्या खेड्यांच्या प्रेमातच पडला. गवतानं शाकारलेली घरं, परसातली फुलझाडं, वाकडेतिकडे धुराडे. आणि हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होतं. ते थांबवणं हातात नव्हतं, म्हणून त्यानं ती घरं मोजायला, त्यांचे फोटो काढायला आणि छोट्या मापात तशीच बनवायला सुरुवात केली. १९५४ मध्ये म्युझियम उभं राहिलं. १९९५ मध्ये तो वारला तेव्हाही काम चालूच होतं.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. गवती छपराचं कौतुक करणारा बहुधा त्याखाली राहणारा नसतो. आपल्याकडेही कौलं काढून पत्रे घातले की शहरातला पाहुणा हळहळतो. घरमालकाला मात्र दर पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस मिळत नसतो. रॉय इंग्लंडच्या गावात दारिद्र्य फारसं दिसत नाही, हा आक्षेप मला खरा वाटतो. तरी त्यानं मापात लबाडी केली नाही, हेही तितकंच खरं. धुराडं जिथं वाकडं होतं तिथं ते वाकडंच आहे.

पेंडनमध्ये डार्टमूरचा एक देखावा आहे. त्यातला मोठा लाकडी पूल टॅव्हिस्टॉकच्या वाटेवरच्या वॉकम नदीवरल्या पुलावरून घेतलेला. तो मूळ पूलही १८५९ चाच. त्याचं लाकूड १९१० मध्ये काढून लोखंड बसवलं गेलं आणि १९६२ मध्ये ती वाटच बंद झाली. नमुन्याचं माप असं, की खऱ्यातला एक फूट म्हणजे इथं चार मिलिमीटर. फूटभर जाडीचा भक्कम वासा इथं आगकाडीपेक्षा थोडा जाड होतो. अशा काड्या कापायच्या, प्रत्येकीचं टोक योग्य कोनात तासायचं आणि पंख्यासारख्या उभ्या करायच्या. एक कोन चुकला की वरचा रूळ तिरका. ब्रुनेलच्या सुतारांना जी भूमिती सोडवावी लागली, तीच या हौशी माणसांना सोडवावी लागते, फक्त दरीवर लोंबकळावं लागत नाही.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८ मध्ये सुरू झालं. ज्यांनी ते पाहिलं असेल त्यांना या छंदाची ओढ वेगळी सांगायला नको. मुलं गाडीकडे बघतात. मोठी माणसं थोड्या वेळानं घरांकडे बघू लागतात.

लाकडाची एक गंमत आहे. घर लहान करता येतं, लाकडाच्या शिरा लहान होत नाहीत. जाड शिरांचं लाकूड घेतलं, तर बोटभर भिंतीवर नांगरटीसारखे चर दिसतात. म्हणून अमेरिकेतले हौशी कारागीर बासवुड नावाचं बारीक शिरांचं लाकूड घेतात. तिथली जुनी स्टेशनं, गोदामं, पाण्याच्या टाक्या फळ्यांच्याच. तेव्हा नमुनाही फळी-फळी जोडून करायचा. तारेच्या ब्रशनं फळी ओरबाडून शिरा उठवायच्या, मग काळी शाई स्पिरिटमध्ये पातळ करून फिरवायची. कोरं लाकूड पाच मिनिटांत पन्नास पावसाळे खाल्ल्यासारखं करडं होतं. त्यावर रंग असा द्यायचा, की तो उडालेला दिसावा. खिळ्यांची भोकं टाचणीनं टोचायची. एखादी फळी मुद्दाम सुटलेली ठेवायची. इंग्लंडच्या जॉन अहर्ननं हाच जीव पुठ्ठ्यात ओतला. छोट्या इमारतींवरचं त्याचं पुस्तक १९५० चं, आणि त्याची मॅडर व्हॅली ही रेल्वे आज पेंडनमध्येच जपलेली आहे.

अमेरिकेत या जुनाटपणाला कलेचा दर्जा मिळवून दिला तो जॉन अ‍ॅलननं. पेशानं फोटोग्राफर, राहणार कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचा. घराच्या तळघरात त्यानं जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले, दऱ्यांवर लाकडी पूल टाकले, आरसे लावून वाटा लांबवल्या. रेल्वेचं नाव ठेवलं गॉर अँड डॅफेटिड. उच्चारलं की इंग्रजीत ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असं ऐकू येतं. यार्डात डबे ओढायला एक डायनोसॉर होता, त्याचं नाव एमा. त्याच्या आधी छोट्या रेल्वेतली घरं दुकानातून आणल्यासारखी चकचकीत असत. अ‍ॅलनच्या गावात छपरं खचलेली, भिंती काजळलेल्या. तिथं कोणीतरी राहत असावं असं वाटे.

६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकारानं तो वारला. दहा दिवसांनी घराला आग लागली आणि पंचवीसेक वर्षांचं काम जळून गेलं. लाकूड, पुठ्ठा, रंग. आगीला आणखी काय हवं? पण माणूस फोटोग्राफर होता. त्याच्या छायाचित्रांवरून लिन वेस्टकॉट या संपादकानं पुस्तक लिहिलं, ते १९८१ मध्ये निघालं. वेस्टकॉट आदल्याच वर्षी गेला होता.

कॉर्नवॉलमध्ये लिस्कर्डजवळ मूर्सवॉटरला नव्या दगडी पुलाच्या शेजारी ब्रुनेलचे जुने खांब अजून उभे आहेत. अंगावर वेली चढल्यात, माथ्यावर काही नाही. पंख्याच्या काड्या कशा फाकल्या होत्या ते बघायचं, तर दोनेकशे मैल दूर लाँग विटनहॅमला जायचं. तिथं त्यांच्यावरून गाडीही जाते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)