ओट्याची उंची कोणी ठरवली?

घराचं नूतनीकरण काढलं की पहिला हातोडा बहुधा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पडतो. कडाप्पा जातो, ग्रॅनाइट येतो, खाली ट्रॉल्या बसतात, वर चिमणी लागते. हा सगळा आवडीनिवडीचा आणि ऐपतीचा मामला वाटतो. पण शंभर वर्षांपूर्वीच्या बहुतेक मराठी घरांत उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा नव्हताच. तो आला इंधनामुळे. हौस आणि सजावट मागाहून आल्या.

जुना स्वयंपाक बसून व्हायचा आणि त्याला कारण होतं. लाकडाच्या चुलीपाशी सतत लक्ष लागतं: लाकूड आत सारायचं, फुंकणीनं जाळ धरायचा, दुसरं भांडं वैलावर सरकवायचं. धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी. एकदा चूल खाली आली की बाकीची साधनंही खालीच आली. विळीचंच पाहा. पाट एका पायानं दाबून धरायचा, की दोन्ही हात भाजीला मोकळे. पात्याच्या टोकाला नारळ खवायची सोय. उभ्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. पाटा-वरवंट्याचंही तेच, कारण वाटताना अंगाचा भार वरून पडावा लागतो. कोणी म्हणेल, बायका खाली बसायच्या त्या सोवळ्यामुळे आणि रीतीमुळे. शिक्षण आलं, नोकऱ्या आल्या, तशा त्या उठल्या. यात तथ्य आहे, पण थोडंच. स्वीडनमध्ये 1892 साली निघालेला प्रायमस स्टोव्ह पुढे आपल्याकडे रुळला, चुलीचा धूर गेला, तरी कितीतरी घरांत तो फरशीवरच राहिला आणि बाई त्याच्यापाशी पाटावर. रॉकेलला दोन्ही चालत होतं. शिवाय सोवळं कडक पाळणारी घरंही पुढे ओट्याशी उभी राहिलीच.

त्यांना उभं केलं गॅसनं. 1955 साली बर्मा-शेल कंपनीनं मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्या वरच्या पातळीवर, असा नियम त्याच्यासोबत आला. म्हणजे 14.2 किलोचा सिलिंडर खाली मावेल आणि शेगडी त्याच्या वर राहील एवढी उंच जागा हवी. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेलं कनेक्शन घरात यायचं, तर गवंड्याला बोलावणं आलंच: विटांच्या दोन भिंती, वर कडाप्पाची लादी. मग विळीच्या जागी सुरी आली. 1963 साली सुमीत मिक्सर निघाला, तसा पाटाही हळूहळू बाल्कनीत गेला.

ओटा ही विलायती नक्कल आहे, हा दुसरा आक्षेप. 1926 च्या सुमारास मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी आखलेलं स्वयंपाकघर जगभर गाजलं, हे खरं. पण त्यामागे स्वयंपाक करणारीची पावलं आणि हालचाली मोजलेल्या होत्या, आणि तिथे बसून काम करायला स्टूलही होतं. आपण नक्कल केली असती तर निदान ते स्टूल तरी आलं असतं! आपल्या ओट्यानं मोजमाप घेतलं ते सिलिंडरचं. त्यानं धूर आणि वाकणं संपवलं, हे उपकार मोठेच; पण तासन्‌तास उभं राहणं आणलं. चुलीभोवती दोघी-तिघी बसून निवडायच्या, चिरायच्या. अरुंद ओट्याशी एकच मावते आणि बाकीचे टीव्हीसमोर बसायला मोकळे होतात. याला निव्वळ प्रगती म्हणायला मी तयार नाही.

आता मुंबई-पुण्यात गॅस नळानं येतो. सिलिंडरची जागा रिकामी झाली आणि ती ट्रॉल्यांनी भरली. मॉड्युलर किचनच्या थाटामागे पुन्हा इंधनातला बदलही आहेच. उंचीची जुनी सक्ती मात्र यामुळे संपली आहे, आणि तरी कंत्राटदार सरसकट एकाच मापाचा ओटा घालतो. तेव्हा दगडाचा रंग निवडण्याआधी घरात रोज स्वयंपाक जो करतो त्याला उभं करा, कोपर दुमडायला सांगा आणि ओटा त्याच्या चार-सहा बोटं खाली घ्या. एक भाग बसून काम करण्यापुरता ठेंगणा ठेवता आला, तर तोही ठेवा.